गोरखचिंचेची सोयरीक

माळवाडी, आणे
१८ एप्रिल २०२५

सयाजी भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत घालायला निघाला असाल, तर दोन मिनिटं थांबा. माझा नंबर तुम्ही फोनमध्ये अडवून ठेवलाय. शेजारच्या कुशाबाईच्या फोनवरून केला, तरी माझं 'हॅलो' ऐकलं की ठेवून देता. पोस्टमनला काही तुम्हाला असं अडवता येत नाही, म्हणून साठीच्या वयात हा उद्योग. दहावीनंतर एवढं लांबलचक मी फक्त ग्रामपंचायतीच्या कागदावर लिहिलं. ते काय लिहिलं, ते तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे.

कामाचं आधी सांगते. मला तुमच्या गोरखचिंचेची फुलं हवी आहेत. दहा-बाराच. देठासकट, उमलायच्या बेतातली.

तुमच्याकडं गोरखचिंच आहे हे हिला कुणी सांगितलं, असं मनात आलं असेल. चांगदेव गुरुजींची अमृता आठवते का? शाळा सुटली की आपल्या बांधावर फळं वेचायला यायची ती. आता जुन्नरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. जुन्नर आणि आंबेगावात जिथं जिथं गोरखचिंच उरलीय तिथं जायचं, बुंधा मोजायचा, पानं न्यायची, नोंद करायची, हे तिनं दोन वर्षं चालवलंय. मागच्या आठवड्यात आपल्याकडं आली. बुंध्याला टेप पुरेना, तेव्हा तुमचे दादा आतून कासरा घेऊन आले. मग ती पोकळीत वाकून बॅटरीच्या उजेडात किती तरी वेळ बघत बसली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला.

"काकू, आतून पार कुजलंय. पश्चिमेकडं भेग खाली मुळापर्यंत गेलीय. एखादा पावसाळा काढेल, फार तर दोन. त्याच्या आत ह्याचं बी हाती लागलं पाहिजे."

मी म्हटलं, "बी कुटलं आणू बाई? चौदा वर्सं झाली, फुलतंय ढीगभर, पन फळ धरत न्हाई. एखादं धरलंच तर आतलं बी पोचट."

"चौदा वर्षं? तेव्हा काय झालं होतं?"

मी चहा ठेवायला उठले. पण कुशाबाई होती ना ओट्यावर. नव्वदीला आली, कान गेलेत, पण नको ते बरोबर ऐकू येतं. म्हणाली, "हिनं नर तोडला, तवापासनं."

अमृताला सगळं सांगावं लागलं. टेकाडावरचं झाड नर, फुलायचं पण फळायचं नाही. बांधावरचं आपलं झाड मादी, उन्हाळ्यात पोतंभर फळं द्यायचं. असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. फळत नाही त्याचा उपयोग काय, म्हणून पाण्याच्या टाकीला जागा हवी होती तेव्हा नर गेला. ग्रामसभेनं ठरवलं, गावानं तोडलं. असो.

अमृता हसली नाही. म्हणाली, "ह्या झाडात नर-मादी नसतं काकू. प्रत्येक फुलात दोन्ही असतं. काही झाडं कमी फळतात एवढंच. पण स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. वटवाघळं तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. तुमच्या वटवाघळांना आता दुसरं झाडच उरलं नाही."

म्हणजे कुशाबाईचं निम्मं खरं निघालं. जोडी मोडू नका म्हणून ती तेव्हा घसा फोडून सांगत होती आणि मी नवी कोरी सरपंच, तिला अडाणी समजून हसले होते.

पुढं अमृता म्हणाली, "जवळचं म्हणावं असं एकच झाड मला सापडलंय, शिनोलीच्या पुढं, एका बांधावर. तरणंताठं आहे. मालक म्हणाले, बी नाही, फांदी लावली होती. गेल्या वर्षी पहिल्यांदा फुललं. फांदी कुठनं आणली विचारलं, तर म्हणाले, घरनं."

भाऊजी, मी चहा गाळत होते, गाळणं हातातच राहिलं. नर पाडला त्या वेळी तुम्ही टेम्पोत त्याची मांडीएवढी फांदी टाकून नेलीत आणि मी लोकांना सांगत सुटले की नेतोय जळणाला. ते लाकूड जळत नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ठेकेदारानं ओंडके फुकटात न्यायचं कबूल केलं होतं. दोन दिवसांत त्यालाही कळलं की हा नुसता भिजका पुठ्ठा आहे, आणि तो फिरकलाच नाही. ओंडके चार वर्षं टाकीखाली कुजत पडले होते. येता-जाता मला दिसायचे.

ते झाड मेलं नाही, तुमच्याकडं उभं आहे, हे ऐकून मला इतका आनंद झाला की रात्रभर मी स्वतःवरच चिडले होते. जूनमध्ये कळ्या धरतील. उत्तर द्या. शिव्या दिल्यात तरी चालतील, फुलं तेवढी द्या.

तुम्ही मानत नसलात तरी तुमची वहिनी,
रत्ना


माळवाडी
११ मे २०२५

भाऊजी,

उत्तर नाही. बरं. पोस्टाची पोच आलीय, तिच्यावर सही तुमच्या वृषालीची आहे. पोरीचं अक्षर ठसठशीत आहे, तुमच्यासारखं किडेमकोडे नाही. चौदा वर्षांची झाली असेल. तिचं वय मला हिशोब न करता कळतं, का ते पुढं लिहिते.

अमृता पुन्हा येऊन गेली. तिनं मोबाइलवर जगाचा नकाशा काढून दाखवला. गोरखचिंचेच्या एकंदर आठ जाती. त्यातल्या सहा एकट्या मादागास्कर बेटावर, एक आफ्रिकेत आणि एक थेट ऑस्ट्रेलियात. शास्त्रज्ञांनी एवढ्यात या सगळ्या जातींची कुळी ताडून पाहिली, तर मूळ घर ते बेटच दिसतंय म्हणे, अजून वाद घालणारे आहेत ती गोष्ट वेगळी. मी विचारलं, मग झाड समुद्र ओलांडून गेलं कसं? तर म्हणाली, फळाची करवंटी टणक, आत हलकं. पाण्यावर तरंगत गेलं असणार. कोटभर वर्षांमागं. तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता, त्यामुळं त्याला अडवायला सरपंचही नव्हती.

आपल्याकडची झाडं मात्र आफ्रिकेतल्या जातीची, आणि ती माणसांनी आणलेली. कुणी म्हणतं अरब व्यापाऱ्यांनी, कुणी म्हणतं हबशी शिपायांनी. जुन्नरजवळच्या हापूसबागेचं नाव हबशीबागेवरून पडलं म्हणतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं, मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा. किंवा त्याच्याही आधी नाणेघाटातून वर आलेल्या एखाद्या बैलाच्या पाठीवरच्या गोणीत दोन बिया आल्या असतील. नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण मी आपली विचार करत बसते, की ज्यानं कुणी आणलं त्याला परत जायला मिळालं नसणार. घर सुटताना माणूस काय उचलतो बघा. तुम्ही भांडी नेली नाहीत, वाटणी मागितली नाहीत, फांदी नेलीत.

आता वृषालीचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की ग्रामसभेनं ठरवलं. ते खोटं नाही, पण ग्रामसभा त्या तारखेला कुणी लावली ते मी लिहिलं नाही. मी लावली. अश्विनीला घोडेगावच्या दवाखान्यात नेलंय, तुम्ही तिकडं आहात, आणखी दोन दिवस येत नाही, हे मला माहीत होतं. तुम्ही असता तर उभे राहून बोलला असता आणि निम्मं गाव तुमच्या बाजूनं गेलं असतं. म्हणून मी घाई केली. तिकडं वृषाली जन्मली त्याच दिवशी इकडं ठराव झाला, आणि तुम्ही पेढे घेऊन आलात तेव्हा झाड आडवं होतं.

तुम्ही पेढ्यांचा पुडा टाकीच्या खड्ड्याशी ठेवलात, फांदी टेम्पोत टाकलीत आणि गेलात. बाळाला घेऊन अश्विनीच्या माहेरीच राहिलात. बारशाला मी आले नाही, मला बोलावणंही नव्हतं. पण बोलावणं नसताना यायला हवं होतं.

टाकीचा मला पश्चात्ताप नाही, हे मात्र सांगून ठेवते. ह्या पठारावर बायांनी दोन-दोन कोस हंडे वाहिलेत. टाकी झाली आणि ते थांबलं. टाकी हवीच होती.

रत्ना


माळवाडी
१ जून २०२५

भाऊजी,

कळ्या धरल्या. आपल्या झाडाला लांब देठाच्या, लोंबत्या, अंड्याएवढ्या झाल्यात. शिनोलीहून आळेफाट्याला भाजी घेऊन येणाऱ्या गेणभाऊला विचारलं, तो म्हणतो तुमच्याकडंही धरल्यात. अमृतानं हिशोब करून सांगितलं, शनिवारी चौदा तारखेला दोन्हीकडं उमलण्याची शक्यता चांगली. फूल संध्याकाळी उमलतं, दुसऱ्या दिवशी दुपारी गळून पडतं. म्हणून तुमच्याकडच्या त्या दिवशी फुटणाऱ्या कळ्या दुपारी देठासकट काढायच्या, बादलीत पाण्यात ठेवायच्या आणि इकडं आणायच्या. दिवेलागणीला त्या बादलीतच उमलतील. मग ब्रशनं पराग लावायचा की झालं.

अमृता म्हणाली, "काकू, मीच जाऊन मागते त्यांच्याकडं. मला देतील." देतीलही. मी नको म्हटलं. का नको म्हटलं ते लिहिते आणि मग तुम्ही ठरवा. लिहून झाल्यावर हे पत्र टाकायला पाय निघेल का, ते मला अजून माहीत नाही.

तेव्हा तुम्ही मला निघताना एकच विचारलं होतं, "दुसरी जागा न्हवतीच का, वहिनी?" मी म्हटलं होतं, न्हवती.

होती. टेकाडावर झाडाला लागून आपला तीन गुंठ्यांचा तुकडा आहे. टाकीची जागा ठरवायला आलेल्या साहेबांनी लेव्हल लावून पाहिली आणि मला स्पष्ट सांगितलं, मॅडम, उंची सारखीच आहे, तुमची जागा दिलीत तर झाडाला हात लावायला नको. हे त्यांनी माझ्या एकटीपाशी सांगितलं आणि मी ते सभेत सांगितलं नाही. तो तुकडा मी भरतसाठी धरला होता. पोराचं लग्न होईल, तिथं घर बांधेल, खिडकीतून सगळं पठार दिसेल, असं माझ्या डोक्यात होतं. गावासाठी म्हणून मी झाड दिलं, पण ते गावाचं होतं. माझं जे होतं ते मी दिलं नाही.

भरतनं चाकणला फ्लॅट घेतला. तुकड्यावर घाणेरी माजलीय.

तुमच्या दादांना हे माहीत होतं का, असं तुमच्या मनात येईल. ते त्यांचं त्यांना विचारा. ते माझ्याशीही त्या विषयावर आजवर एक शब्द बोललेले नाहीत. फक्त रोज सकाळी उठून आधी बांधावर जातात, झाडाच्या भेगेत हात घालून बघतात आणि मग तोंड धुतात.

फुलं मागायला मला तोंड नाही, हे कळतंय. तरी मागते. माझ्यासाठी देऊ नका. चुकले मी भाऊजी.

रत्ना


माळवाडी
१६ जून २०२५

भाऊजी,

काल झोपच काढली, म्हणून आज लिहिते. परवा तुम्ही इथं होतात, तरी घडलेलं सगळं मी तुम्हाला सांगणार आहे, कारण तुम्ही सगळा वेळ जमिनीकडं बघत होतात.

चार वाजून गेले, पाच वाजले. अमृता शिडी लावून बसलेली. मी ओट्यावरून उठत-बसत होते. कुशाबाई म्हणाली, "यील गं. आनि न्हाई आला तर आपन जाऊ वऱ्हाड घिऊन." तिनं सकाळपासून काय चालवलंय याकडं माझं लक्षच नव्हतं. साडेपाचला तुमची मोटारसायकल वळणावर दिसली. मागं वृषाली, मांडीवर बादली, बादलीवर ओला पंचा. मला वाटलं पोरीला आधी जवळ घ्यावं, पण तिनं पहिलं वाक्य टाकलं, "काकू, हात लावू नका, पाणी सांडंल." शिस्तीला आईवर गेलीय.

तुमचे दादा दारातच उभे होते. तुम्ही फाटकाशी. मधे अंगण. दोघेही खांबासारखे. मी काही बोलायला जाणार, तेवढ्यात कुशाबाई काठी टेकत बाहेर आली आणि तिच्या हातात मुंडावळ्या! नातवाच्या लग्नातल्या, पेटीतून काढलेल्या. म्हणाली, "बगताय काय? नवऱ्याकडची मानसं दारात हुबी हायती. पाय धुवायला पानी कुटंय? आमी काय भिकारी हाव का?"

अमृता शिडीवरून हसायला लागली. कुशाबाईनं तिलाही दटावलं, "तू भटजी हायेस, हसू नगं." एक मुंडावळी बुंध्याला बांधली, आता एवढ्या बुंध्याला ती कसली पुरते, खिळ्याला अडकवली. दुसरी वृषालीच्या बादलीला. मग तुमच्या दादांकडं वळली. "धर्मा, तू पोरीचा बाप. सया, तू पोराचा बाप. व्याहीभेट झाल्याबगर मी एक फूल आत जाऊ द्यायची न्हाई. हां, चला."

तुम्ही म्हणालात, "आजे, ह्ये काय..." तिनं ऐकलंच नाही. तिला ऐकू येत नाही हे अशा वेळी फार सोयीचं असतं.

पहिलं पाऊल कुणी टाकलं ते मी पाहिलंय. तुमच्या दादांनी. अंगणाच्या मधोमध येऊन थांबले. टोपी काढली, परत घातली. मग तुम्ही आलात. व्याही जसे भेटतात तसं आधी उजव्या खांद्याला, मग डाव्या. रीत तेवढीच आहे. पण तुमच्या दादांनी दुसऱ्या खांद्यावर डोकं ठेवलं ते उचललंच नाही. पाठीवर मूठ आवळून तुमचा सदरा धरून ठेवला होता. वृषाली मला हळूच म्हणाली, "काकू, फुलं उमलायला लागली." कुणी हललं नाही. शेवटी कुशाबाईच म्हणाली, "सोड रं त्याला, मुहूर्त टळंल."

पण बोलला नाहीत. दोघंही. मिठी मारून दोन दिशांना गेलात. एक शिडीला, एक गोठ्याला. चौदा वर्षांनी भेटलेली माणसं ही.

वर शिडीवर तुम्ही होतात, त्यामुळं ते मी सांगत नाही. खालून एवढंच दिसत होतं की पांढरी फुलं एकामागून एक उघडत होती, ओंजळीएवढी, आणि पोरगी तिच्याकडच्या झाडाची फुलं ब्रशनं झाडून ह्या झाडाच्या फुलांना लावत होती. बारा फुलं झाली. माझ्या जुन्या चोळीच्या खणाचे तुकडे खुणेला बांधलेत. वाऱ्यावर हलतात.

आता भांडण. चहा न घेता गाडीवर बसलात आणि गाडी चालू करता करता म्हणालात, "जागंचं मला तवाच म्हाईत व्हतं, वहिनी. त्यो साहेबच मला यष्टीत भेटला व्हता. तुमी सांगाल म्हून थांबलो व्हतो." आणि गेलात!

चौदा वर्षं थांबलात? माणसानं एकदा येऊन विचारावं, ओरडावं, चार लोकांत माझी शोभा करावी. मी तुम्हाला कळेल या भीतीनं चौदा दिवाळ्या काढल्या, आणि तुम्हाला आधीच कळलेलं होतं. तुम्ही दोघे भाऊ एकाच मातीचे. बोलायला पैसे पडतात जसे. मला तुमचा इतका राग आलाय की मी त्या दिवशी दोन वेळा जेवले.

तुमची वहिनी, आणि आता विहीणही,
रत्ना

ता. क. बारापैकी सात गळाली. पाच देठावर आहेत. अमृता म्हणते, पाच म्हणजे खूप.


माळवाडी
२१ ऑगस्ट २०२५

भाऊजी,

झाड पडलं.

तीन दिवस पाऊस थांबला नाही. पहाटे आवाज झाला, मला वाटलं टाकीच फुटली. तुमचे दादा तसेच अनवाणी धावले. भेगेतून उभं फाटलं आणि पश्चिमेला आडवं झालं, अर्धी मुळं आकाशाकडं. पाच फळांपैकी दोन खाली चेंगरली. हिरवीच होती, आत नुसता चिकट गर. तीन फांदीवर आहेत, पण फांदीच जमिनीवर आहे.

लोक बघायला येतायत. कुणीतरी जेसीबीचं विचारलं, रस्ता मोकळा करून देतो म्हणाला. तुमचे दादा बुंध्यावर जाऊन बसले. दिवसभर बसून आहेत. पाऊस पडतोय. छत्री दिली तर धरत नाहीत.

मला वाटलं होतं आपण वेळेत केलं. तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहिलं. फोन करायचा धीर होत नाही, तुम्ही उचललात तर मी बोलू शकणार नाही.

रत्ना


माळवाडी
१० जानेवारी २०२६

भाऊजी,

आता तुम्ही माझा फोन उचलता हे खरं, पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलता, त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात निदान मला पूर्ण बोलता येतं.

तुमच्या त्या चार ओळी मी देवघरात ठेवल्यात. "वहिनी, मुळ्यांवर माती वढा. येक मुळी जरी जमिनीत आसंल तरी ते जगतंय. जेशीबी लावू देऊ नका. मी निघालोय." तुम्ही निघालात तेव्हा पत्र पोस्टात होतं, म्हणजे तुम्ही आधी आलात आणि पत्र मागून. तरी ठेवलंय.

तुम्ही आणि अमृतानं लावलेल्या टेकूंमधला एकही हललेला नाही. तुम्ही दिवाळीला पाहिलंत त्यापेक्षाही झाड आता बरं दिसतंय. पानं गळाली ती दरवर्षीसारखीच, पण फांदी नखानं खरवडली की खाली हिरवं. अमृता म्हणाली होती, ह्या झाडांच्या बुंध्यात पाणी साठलेलं असतं, आडवी पडूनही कैक वर्षं जगतात. मला ते समजूत घालण्यासाठी म्हणते असं वाटलं होतं. पण तीन फळं खरंच पोसली. राखाडी मखमल चढली, देठ वाळला. पूर्वी काठी लावून पाडावी लागायची, आता वाडीतली रांगती पोरंही जाऊन हात फिरवून येतात. कुशाबाई रोज एकदा येऊन तिन्ही फळं हलवून कानाशी धरते. ऐकू येत नाही, तरी.

टेकाडावरच्या तुकड्यातली घाणेरी काढायला भरत येऊन गेला. रोपं तिथं लावायची, असं त्यानंच सुचवलं. मी त्याला सगळं सांगितलं होतं. ऐकून तो सरळ विळा घेऊन गेला.

आता मुद्द्याचं. तुम्ही, मी आणि अमृतानं ठरवलं होतं की फळं संक्रांतीला सगळे जमल्यावर फोडायची. आत बी भरलेलं आहे की पोचट, ते तेव्हाच कळायचं. गेल्या चौदा वर्षांत जी दोन-चार फळं धरली ती वरून अशीच गुबगुबीत होती, हे मला रोज आठवायचं आणि मी कुणाला सांगत नव्हते.

आज सकाळी मी उठले तर तुमचे दादा घरात नाहीत. बांधावर गेले तर बुंध्यावर पाठ करून बसलेले. शेजारी दगड, दगडाशी फुटलेली करवंटी. चौदा वर्षं ज्या माणसाला बोलायची घाई झाली नाही, त्याला चार दिवस दम निघाला नाही! मी तिथूनच ओरडायला तोंड उघडलं होतं. मग पाहिलं तर पांढरा गर बोटांना लागलेला, ओंजळीत बिया, आणि ते एकेक बी दाताखाली धरून बघत होते आणि रडत होते. चुकून एखादं टिपूस नाही, भाऊजी, चांगले हुंदके देऊन. मी लग्न झाल्यापासून त्यांना असं पाहिलं नव्हतं, आई गेल्या तेव्हाही नाही.

मी जवळ बसले. डोळे पुसून म्हणाले, "सयाला कळव."

मी म्हटलं, "मी न्हाई कळवायची. लई कळवलं मी. तुमचा भाऊ हाय, तुमी कळवा."

"मला लिवाया येतंय का धड?"

"येतंय तेवढं लिवा."

घरी येऊन हात धुतले, चष्मा शोधला. हे पत्र मी तेव्हापासून लिहितेय आणि ते समोर बसून माझं संपायची वाट बघतायत. घ्या, देते त्यांच्याकडं पेन.

सया

तवा सभेत मी मागं बसलो व्हतो. आपली जागा हाय ह्ये मला म्हाईत व्हतं. हात वर कराया पायजे व्हता. केला न्हाई. चुकलो.

बी भरलंय. दोन फळं तुज्या हातनं फोडाया ठिवलीत. ये.

दादा